चौतिसाच्या चौकात भेटू

सुट्टी संपवून शाळेत परतताना आम्ही पाच जण चंदीगडला उतरलो आणि किरकोळ खरेदीसाठी सेक्टर ३४ मध्ये पांगलो. ‘अडीच वाजता ३४ च्या चौकात’ एवढेच ठरले होते. अडीचला तिघे एका कोपऱ्यावर उभे आणि दोघे भलत्याच कोपऱ्यावर. मोबाईल एकाकडेच. शिमल्याकडची बस गेली. पुढच्या बसने पोहोचलो तेव्हा संध्याकाळची हजेरी होऊन गेली होती. पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखावे.

चूक साधी होती. ले कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या शहरात सेक्टर म्हणजे साधारण १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद चौकोन. त्याला चार कोपरे, म्हणून चार चौक. आमच्या दोन तुकड्या कोनाकोनी समोर होत्या, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर दूर! दोघांनी रिक्षावाल्याला ‘३४ का चौक’ सांगितले, तेव्हा तो हसला. ‘कौन सा, बेटा? अरोमा या पिकॅडिली?’

म्हणजे आकड्यांच्या शहरातही लोक खुणांनीच बोलतात. कागदावर चौकाचे नाव २१-२२-३४-३५, तोंडात मात्र ‘अरोमा’, जवळच्या हॉटेलावरून. २०-२१-३३-३४ चा झाला ‘पिकॅडिली’, सिनेमागृहावरून. चार आकडे घाईत उलटसुलट होतात, हॉटेल होत नाही.

आकड्यांचीही एक गंमत आहे. बसस्थानक सेक्टर ४३ मध्ये. ३४ पासून नऊ सेक्टर दूर, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दोन्ही सेक्टर एका चौकात एकमेकांना टेकतात. कारण इथले क्रमांक नांगराच्या बैलासारखे चालतात: एका रांगेत ३३, ३४, ३५, ३६ असे जायचे आणि पुढच्या रांगेत ४२, ४३, ४४, ४५ असे उलटे परतायचे. त्यामुळे ३४ समोर ४४ येतो, ३५ समोर ४३. बेरीज दोन्हीकडे ७८, म्हणजे तेराची सहापट. ९ व १७ ची २६, १७ व २२ ची ३९, तीही तेराच्याच पाढ्यातली. आणि गंमत म्हणजे मूळ आखणीत १३ क्रमांकाचा सेक्टरच नव्हता.

खुणेचा धोका एवढाच की खूण नाहीशी होते आणि नाव उरते. पुण्याच्या लकडी पुलात आज लाकूड नाही. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात १९७२ च्या भूकंपात पडलेल्या इमारतींवरूनही लोक पत्ता सांगत राहिले. ठिकाण माहीत असलेल्याला ते पुरते, नवख्याला नाही.

नकाशावाचनाच्या तासाला सहा आकडी ग्रिड रेफरन्स शिकलो, तो शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. पण मैदानात लक्ष्य दाखवताना आधी ठळक खूणच सांगायची असते: एकटे झाड, देवळाचा कळस, मग त्याच्या उजवीकडे-डावीकडे. आकडा आणि खूण दोन्ही हाताशी असलेली बरी. दोन्ही जुळले नाहीत तर कोणीतरी चुकतो आहे, हे निघण्याआधीच कळते.

पुढच्या सुट्टीचे आमचे आत्ताच ठरले आहे: ‘अरोमा, २१-२२-३४-३५, चौतिसाच्या बाजूचा कोपरा, दोन वाजता.’

अडीच नाही. दोन.