मांजरासाठी लिटर कोणतं घ्यावं?

परवा धुळ्याहून मावसबहिणीचा फोन आला, "ताई, मांजराचं पिल्लू आणलंय. लिटर कोणतं घेऊ?" जळगावात माझ्याकडे बरीच वर्षं मांजरं आहेत, म्हणून अनुभवाचं सांगते.

🐾 बेंटोनाइट: ही माती ओली झाली की फुगून तिचा गोळा होतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते ना? दोन्हींतलं खनिज एकाच कुळातलं! गोळा तेवढा उचलायचा. धूळ मात्र उडते. संडासात टाकू नका, पाइप तुंबतो.

🐾 टोफू: सोयाबीनच्या चोथ्याचं. हलकं, धूळ कमी, पण महाग. पावसाळ्यात पिशवी घट्ट बांधा, नाहीतर बुरशी धरते.

🐾 सिलिका: वास छान रोखते. खडे पायाला टोचले तर काही मांजरं ट्रेकडे फिरकत नाहीत.

🐾 लाकडाचा भुसा: वखारीत स्वस्त मिळतो. गोळा होत नाही, वरचेवर बदलावा लागतो.

अगदी लहान पिल्लं लिटर खाऊन बघतात, त्यांना गोळा होणारं देऊ नका. बहिणीला म्हणूनच आधी भुसा सांगितला.

थर दोन-तीन इंचांचा ठेवा. ट्रे रोज साफ करा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा मी दोनदा करते. रोज साफ करायचं आणखी एक कारण: विष्ठेतून टोक्सोप्लाज्मा हा परजीवी पसरू शकतो आणि तो संसर्गक्षम व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. गरोदर बायकांनी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं.

लिटर बदलताना जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत जा.

तुमचं मांजर काय वापरतं? काही अडलं तर विचारा, नक्की सांगेन.