बालकांचे हात व घरातील कामे

शेतातून आलेला कांदा ओसरीवर निवडावयास बसले की दोन-अडीच वर्षांचे मूल टोपलीत हात घालते आणि वडील माणसे त्यास दटावून दूर करितात. आमच्या मते ही चूक होय. आपणांस जी लुडबूड वाटते, ते त्याच्या डोळ्यांचे, कानांचे व बोटांचे शिक्षण असते.

हा विचार नवा नव्हे. सन १९०७ मध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोम शहराच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. झाडणे, पुसणे, पाणी ओतणे अशा नित्याच्या कामांस त्यांच्या पद्धतीत मोठे स्थान आहे. सन १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व महाग साधनांऐवजी खेड्यातच मिळणाऱ्या वस्तू कामी आणिल्या.

शेतकऱ्याच्या घरी अशा वस्तूंस तोटा नाही. टोपलीत कांदे व बटाटे एकत्र करून मुलास ते वेगळे करावयास सांगावे. कांद्याची साल कुरकुरते, बटाटा हातास गार लागतो. हा भेद मूल बोटांनी शिकते. मेथीची पाने खुडणे, कणकेचा गोळा मळणे, लहान तांब्याने परातीत पाणी ओतणे, हीही कामे तशीच. त्या वेळी ‘ओले’, ‘जड’, ‘खरखरीत’ हे शब्द आपण उच्चारावे, म्हणजे अनुभवास नाव मिळते. पाणी सांडल्यास फडके त्याच्याच हाती द्यावे. काम हिसकावून घेऊ नये; मूल कंटाळल्यास सक्तीही करू नये.

तथापि तीन गोष्टींस जपलेच पाहिजे. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे यांसारखे दाणे श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतते. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलास ते मुळीच देऊ नयेत. औषध चोळलेले बियाणे हे विष होय. ते व फवारणीचे डबे, रिकामे झाले तरीही, मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. भरलेल्या बादलीपाशी मुलास एकटे सोडू नये. वीतभर पाण्यातही मूल बुडते.

मुलाच्या हातून काम उरकावे, हा येथे हेतू नाही. पुढे किडका दाणा पाहताच ओळखणारी नजर आज ओसरीवर घडत असते. वाचकांनी या सुगीत एक लहान टोपली मुलासाठी वेगळी ठेवावी, आणि घरातील एका वडील माणसाने तिच्याजवळ बसावे, इतकीच आमची विनंती आहे.