टाकायचे किती, ठेवायचे किती

लोकरीच्या गिरणीत गेलेल्या माणसाची नजर आधी चात्यांवर खिळते. एका ओळीत गरगरणाऱ्या चात्या आणि त्यांवर भरत जाणारे सूत, हाच त्या जागेचा प्राण आहे असे वाटते. अल्पाकाच्या लोकरीपुरते मात्र हे खरे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या या प्राण्याची लोकर चातीपर्यंत पोचते तेव्हा तिचे बरेवाईट बहुतेक ठरून गेलेले असते. ते ठरते जाळीच्या टेबलावर, धुण्याच्या टाकीत आणि राठ केस वेगळे काढणाऱ्या यंत्रात. जिथे काही घडवले जात नाही, नुसते काढून टाकले जाते अशा ठिकाणी. किती काढून टाकायचे हा निर्णय कोण घेतो आणि कोणाच्या हिशेबाने घेतो, यावर प्राणी पाळणाऱ्याच्या हाती काय पडणार हेही ठरते. छोट्या गिरणीचे महत्त्व मला इथेच दिसते. हा निर्णय ती पाळणाऱ्याकडे परत आणते.

अल्पाका हा उंटाच्या कुळातला, विकुन्या या रानटी प्राण्यापासून हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला प्राणी. जगातले बहुसंख्य अल्पाका आजही पेरू देशात, समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० ते ५,००० मीटर उंचीच्या माळांवर चरतात. त्यांच्या दोन जाती आहेत. वाकायाची लोकर कुरळी आणि फुगीर असते, सुरीची चमकदार, लांब बटांनी लोंबणारी. कातरणी वर्षातून एकदा होते आणि एका प्राण्यापासून साधारण २ ते ३ किलो लोकर निघते. पण ती सगळी एकाच जातकुळीची नसते. पाठीवरची आणि कुशीवरची लोकर सर्वांत मऊ, मानेवरची त्याहून आखूड, आणि पोट, छाती, पाय इथली राठ. शिवाय पाठीच्या मऊ लोकरीतही अधूनमधून जाड, सरळ केस लपलेले असतात. जाडी मोजतात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण ६० ते ७० मायक्रॉन जाड असतो. चांगल्या अल्पाकाच्या तंतूची सरासरी २० ते २५ मायक्रॉन भरते. आता त्वचेचा गुण असा, की कापडातून बाहेर डोकावणारे टोक ३० मायक्रॉनहून जाड असेल तर ते वाकत नाही, टोचते. असे जाड तंतू शंभरात पाचांहून जास्त झाले की बहुतेकांना कापड खुपू लागते. त्यामुळे नुसती सरासरी फसवी ठरते. दोन लोकरींची सरासरी २४ मायक्रॉनच असेल. एकीत सगळे तंतू त्या आकड्याच्या आसपास असतील, दुसरीत पुष्कळसे फार बारीक आणि काही चांगलेच जाड. पहिलीचा मफलर गळ्याला सुखावतो, दुसरीचा दहा मिनिटांत काढून ठेवावासा वाटतो. टोचरेपणा येतो तो त्या थोड्या जाड तंतूंमुळे, आणि म्हणून मऊपणा मिळवण्याचा मार्ग ते थोडे तंतू शोधून काढण्यातून जातो.

छोट्या गिरणीतले पहिले काम यासाठीच जाळीच्या टेबलावर चालते. कातरलेली लोकर तिथे पसरतात, कडेची राठ लोकर हाताने तोडून बाजूला करतात, गवताच्या काड्या, बिया, शेणाने माखलेले पुंजके वेचतात. अल्पाकाला धुळीत लोळायची सवय असते, त्यामुळे जाळीतून बारीक माती सतत खाली झडत राहते. मग धुणे. मेंढीच्या लोकरीत भरपूर मेण असते आणि ते उतरवायला कडक गरम पाणी व पुष्कळ साबण लागतो. अल्पाकात मेण फारच कमी, त्यामुळे धुतल्यावर वजनही तेवढे घटत नाही. पण मातीचे कण तंतूंच्या बुडाशी अडकलेले असतात आणि ते सुटायला पाणी पुन्हा पुन्हा बदलावे लागते. हे करताना लोकर ढवळायची नसते, नुसती बुडवून ठेवायची, कारण गरम पाण्यात घुसळली तर अल्पाकाचीही लोकर गुंतून तिचा नमदा होतो. वाळल्यावर ती मोकळी करतात आणि राठ केस वेगळे करणाऱ्या यंत्रात घालतात. सुपात धान्य पाखडावे तसा इथे वजनाचा आणि चिकाटीचा फरक कामी येतो. दातेरी रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात. बारीक, कुरळे तंतू दात्यांना धरून राहतात आणि जाड, ताठ केस सुटून खाली पडतात.

याच यंत्रापाशी गिरणीवाल्याला खरा विचार करावा लागतो. लोकर एकदा फिरवली तर काही राठ केस निघतात, दुसऱ्यांदा आणखी काही. पण प्रत्येक फेरीत राठ केसांबरोबर चांगलेही तंतू पडतात, आणि काही तुटून आखूड होतात. आखूड तंतूंचे सूत लवकर केसाळते, त्याला बोंडे धरतात. म्हणजे मऊपणासाठी सतत फिरवत राहिले तर टिकाऊपणाही जातो आणि मालही. तान्ह्या बाळाच्या टोपीचे सूत हवे असेल तर हे नुकसान सोसावे. जाड मोजे किंवा घरात पायाखाली घालायची सतरंजी करायची असेल तर पहिल्याच फेरीवर थांबावे, किंवा यंत्राला हातच लावू नये. कितव्या फेरीवर थांबायचे याचे एकच बरोबर उत्तर नाही. ती लोकर कुठे जाणार आहे हे माहीत असणाऱ्यालाच ते देता येते.

पुढचे टप्पे त्यामानाने सरळ. पिंजण यंत्रात दातेरी रुळांवरून जाताना तंतू सुटे होऊन साधारण एका दिशेला येतात आणि त्यांचा मऊ, जाड पेळू बाहेर पडतो. मेंढीच्या तंतूवरचे खवले उंच असल्याने ते एकमेकांना धरतात. अल्पाकाचे खवले चपटे, त्यामुळे तंतू निसटतात, आणि कोरड्या हवेत स्थिर विजेने उडूही लागतात. म्हणून पिंजताना हवेत दमटपणा राखावा लागतो. मग अनेक पेळू एकत्र ओढून बारीक करतात, म्हणजे एकातली जाड जागा दुसऱ्यातल्या पातळ जागेने भरून निघते. चातीवर पीळ बसतो, दोन-तीन पदर उलट्या दिशेने एकत्र पिळले जातात, वाफेने पीळ स्थिर होतो आणि सुताच्या गुंड्या तयार होतात. अल्पाकाला ताणून परत येण्याचा गुण कमी, त्यामुळे निव्वळ अल्पाकाचा स्वेटर वापरात लोंबत जातो. अनेक गिरण्या त्यात थोडी मेरिनो मेंढीची लोकर मिसळतात ती यासाठी, आणि त्याला भेसळ म्हणणे अन्यायाचे आहे.

मोठ्या गिरणीचा इतिहास याहून वेगळ्या दिशेने गेला. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट यांनी १८३६च्या सुमारास अल्पाकाचा माल घेऊन त्याचे आडवे धागे सुती उभ्या ताण्यावर विणले. त्यातून चकाकणारे, हलके कापड निघाले आणि त्याला प्रचंड मागणी आली. १८५३ मध्ये त्यांनी एअर नदीकाठी गिरणी सुरू केली आणि तिच्याभोवती पुढे सॉल्टेअर हे कामगारांचे गावच वसवले. ते आता जागतिक वारसास्थळ आहे. जुन्या मराठी लेखनात भेटणारा अल्पाकाचा कोट याच व्यापाराच्या वाटेने आपल्याकडे पोचला. या पद्धतीची ताकद मोठी आहे, पण तिला हजारो प्राण्यांची लोकर एकत्र करून एकसारखा माल करावाच लागतो. पेरूतल्या अरेकिपा शहरात आजही लोकरीची प्रतवारी अनुभवी बायका हाताने करतात. नुसत्या बोटांच्या स्पर्शाने त्या तंतूची जाडी ओळखतात आणि एका कातरणीचे अनेक प्रतींचे ढीग करतात. हे कौशल्य अचाट आहे. फक्त ते वापरले जाते मालकी बदलल्यावर. डोंगरावरच्या पाळणाऱ्याने लोकर तोवर बहुधा सरसकट, किलोवर विकलेली असते. त्याच्या कोणत्या जनावरात उत्तम प्रत निघाली, कोणत्यात राठ केस जास्त, ही माहिती त्याच्याकडे परत येत नाही. मग पुढच्या वर्षी कोणता नर कळपात ठेवावा हे त्याने कशावरून ठरवायचे? वजनावर पैसे मिळत असतील तर तो वजनदार लोकरीचाच नर ठेवणार, आणि वजनदार लोकर बहुधा जाड असते.

ही माहिती तुटल्यावर काय होते त्याचा दाखला अमेरिकेने पुरवला. तिथे १९८०च्या दशकात अल्पाका आणले गेले आणि पैदाशीच्या जनावरांच्या किमती हजारो डॉलरपर्यंत चढल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टीना सायटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले की लोकरीच्या उत्पन्नाने त्या किमतींचे समर्थन होऊच शकत नाही. हा सट्ट्याचा फुगा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे किमती कोसळल्या. लोकरीसाठी ओळखला जाणारा प्राणी लोकरीचा हिशेब न करताच विकला जात होता. छोट्या गिरण्यांनी ही उणीव भरायला मदत केली असे मला वाटते. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या बेलफास्ट मिनी मिल्ससारख्या कंपनीने एका शेडमध्ये मावतील अशी यंत्रे बनवली, आणि दहावीस जनावरे पाळणाऱ्यालाही आपलीच लोकर वेगळी पिंजून, कातून परत मिळणे शक्य झाले. किती किलो दिली, राठ म्हणून किती गेली, सूत किती आले, हे त्याला आपल्या जनावरांशी ताडून पाहता येते. असा हिशेब दोन-तीन वर्षे हाती आला की कळपात कोण ठेवायचे याचा विचार बदलतो.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. छोट्या गिरणीत किलोमागे मजुरी कितीतरी जास्त पडते, कारण प्रत्येकाची लोकर वेगळी ठेवायची तर दोन मालांच्या मध्ये यंत्र थांबवून साफ करावे लागते. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. म्हणूनच सगळी लोकर अशा गिरणीत नेणे शहाणपणाचे नाही. पाठीवरची उत्तम लोकर न्यावी, बाकीची एकत्र मालात जाऊ द्यावी. दुसरा आक्षेप सुताच्या सारखेपणाचा. मोठ्या गिरणीत लोकर विंचरून आखूड तंतू काढतात आणि तिथले सूत जास्त बारीक व एकसारखे निघते. सूत बारीक कातायचे तर त्याच्या छेदात पुरेसे तंतू राहायला हवेत, ते सारख्या लांबीचे हवेत, आणि ते साधायला मोठ्या मालातली निवड लागते. तेव्हा सुटाचे कापड हे छोट्या गिरणीचे काम नव्हेच. हाताने विणायचे जाडसर सूत हे तिचे क्षेत्र, आणि तिथे जाडीतला थोडा चढउतार दोष ठरत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात इथे दख्खनी मेंढी येणारच. कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही ही धनगरांची तक्रार आता जुनी झाली आहे, आणि मग अशी गिरणी आपल्याकडे का नको, असा प्रश्न साहजिक आहे. पण अल्पाकाचे यंत्र जसेच्या तसे इथे आणून फार काही साधणार नाही. दख्खनी लोकर मुळातच जाड आणि केसाळ. राठ म्हणून काढू लागलो तर हाती फारसे उरणारच नाही. धनगर बायकांनी कातलेले, सणगरांनी चिंचोक्याची खळ लावून विणलेले घोंगडे ऊनपावसाला पुरून उरते ते त्या जाडपणामुळेच. तिथे निवड करायची ती मऊपणासाठी नव्हे, तर काळी, पांढरी, लांब, आखूड अशी लोकर कातरतानाच वेगळी ठेवण्यासाठी. त्याला दातेरी रुळांचे यंत्र लागत नाही, कातरणीच्या जागी स्वच्छ ताडपत्री आणि वेगवेगळ्या प्रतीला वेगळा भाव देणारा खरेदीदार लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप पेरूतूनच येतो. उत्तर अमेरिकेतल्या हौशी पाळणाऱ्याला छोटी गिरणी परवडते. डोंगरावर पन्नास-शंभर अल्पाकांवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला तिचा काय उपयोग? मला वाटते, त्यांना कातणे नव्हे, निवडच हवी आहे, आणि ती गिरणीपासून सुटी करता येते. पेरूत गावपातळीवरच्या संकलन केंद्रांत तिथल्याच बायकांना प्रतवारी शिकवून, वजनाऐवजी प्रतीनुसार पैसे देण्याचे प्रयत्न झाले आहेत. तिथे जाळीचे टेबल आणि शिकलेले हात पुरतात. अडचण असते ती पैशाची. फिरता व्यापारी दाराशी येऊन लोकर सरसकट तोलतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. केंद्रात मात्र लोकर निवडून, साठवून, विकली जाईपर्यंत थांबावे लागते, आणि कातरणीनंतरच्या आठवड्यांत घरात धान्य भरायचे असते. केंद्राकडे आगाऊ रक्कम देण्याइतके खेळते भांडवल असेल तर पाळणारा थांबू शकतो. नसेल तर उत्तम लोकरही त्याच पोत्यात, त्याच भावाने जाते.