तबकडी बिघडली की यंत्र?
सीडी प्लेअर घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द

मानपुराहून एका भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. इंदूरहून निघून महू मागे टाकावे आणि आग्रा–मुंबई रस्त्याने निमाडाकडे उतरू लागावे, तो विंध्याच्या कडेवर हे मानपूर लागते. या भगिनींच्या मामंजींनी नोकरीच्या काळात पैसा पैसा साठवून घेतलेला स्टिरिओ संच, म्हणजे एक अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर, अद्याप शाबूत आहे. पन्नास-साठ सीडी आहेत. बिघडला आहे तो केवळ सीडी प्लेअर. इंदुरातील एका दुकानदाराने तो पाहिला आणि, "यंत्रही गेले, तुमच्या कित्येक तबकड्याही गेल्या, आता एखादा ब्लूटूथचा डबा घेऊन टाका," असा निकाल दिला. त्या 'गेलेल्या' तबकड्यांत एक या भगिनींच्या सासूबाईंच्या गाण्याची आहे. सासूबाई आज हयात नाहीत. २००६ साली घरच्या बैठकीत त्या गायल्या, तेव्हा भाच्याने संगणकावर ती सीडी तयार करून दिली होती. दहा हजारांच्या आत चांगला प्लेअर मिळेल काय, आणि मिळाल्यास ही तबकडी त्यावर वाजेल काय, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर पुष्कळसे त्यातूनच निघते.

दुकानात विकत मिळणारी सीडी कारखान्यात साच्याने दाबून केलेली असते. तिच्या पोटात सूक्ष्म खळग्यांची एक अखंड सर्पिल रेघ असून तीवर चकचकीत धातूचा थर असतो. लेझरचा किरण त्या रेघेवरून फिरतो. खळग्यावरून परतणारा प्रकाश मंद येतो, सपाटीवरून उजळ येतो, आणि या मंद-उजळाच्या फरकातून आकडे वाचले जातात. घरी संगणकावर लिहिलेल्या सीडीत असे खळगे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लिहिणाऱ्या लेझरच्या उष्णतेने त्यावर डाग पडतात. अशा सीडीवरून परतणारा प्रकाश कारखान्यातील सीडीपेक्षा मुळातच थोडा कमी असतो. साहजिकच यंत्राच्या भिंगावर धूळ बसली किंवा त्याचा लेझर थकला, म्हणजे सर्वांत आधी नाकारली जाते ती घरी लिहिलेली सीडी. विकतच्या सीडी त्याच यंत्रावर पुढे कित्येक महिने बिनतक्रार वाजत राहतात, आणि मग घरच्या माणसांची खात्री पटते की दोष तबकडीचाच. वास्तविक रोगी असते यंत्र, आणि संशय जातो तबकडीवर!

तेव्हा सासूबाईंची सीडी गेली असे समजण्यास तूर्त काहीच आधार नाही. मात्र दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. हे रंगद्रव्य सेंद्रिय असल्यामुळे ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी ते हळूहळू विटते. २००६ सालच्या अशा तबकडीवर अधिक काळ विसंबून राहणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्लेअर पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल, पण तिची नक्कल या आठवड्यातच करून घ्यावी. त्यासाठी सीडी वाचणारा खण असलेला कोणताही संगणक पुरेसा आहे. नव्या लॅपटॉपांत तो खण नसतो, परंतु यूएसबीने जोडावयाचा सुटा खण मिळतो. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचा विंडोज संगणकावर चालणारा एक प्रोग्रॅम घरगुती उपयोगासाठी फुकट मिळतो. एखादी जागा नीट वाचता आली नाही तर तो ती पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतो. एका संगणकाने नाकारले तर दुसऱ्यावर पाहावे. खणाखणांत पुष्कळ फरक असतो. नक्कल मिळाली की ती दोन निराळ्या ठिकाणी ठेवावी.

आता यंत्राकडे वळू. सीडीची योजना सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सोनीचा 'सीडीपी-१०१' हा पहिला प्लेअर विक्रीस आला. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घ्यावयाचे आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाचे, असे तेव्हा ठरले, आणि आजतागायत त्यात बदल झालेला नाही. ही गोष्ट ग्राहकाने विशेष ध्यानात ठेवावी. यंत्राच्या दर्शनी पट्टीवर '२४ बिट' किंवा '१९२ किलोहर्ट्झ' असे कितीही झगमगीत आकडे छापलेले असोत, साध्या सीडीवर जे लिहिलेले नाही ते त्यातून निघावयाचे नाही. या आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारी चिप १९९० नंतरच्या सामान्य प्लेअरांतही इतकी चांगली असते की, घरच्या स्पीकरवर एकाचा आवाज दुसऱ्यापासून ओळखणे कसलेल्या कानालाही जड जाते. आवाजाची जी काही लज्जत आहे, ती पुष्कळ अंशी स्पीकर, ते ज्या जागी ठेवले आहेत ती जागा आणि खोली यांवर अवलंबून असते. मामंजींचे स्पीकर चांगले आहेत, म्हणजे मोठा खर्च आधीच झालेला आहे.

मग पैसे द्यावयाचे ते कशासाठी? आमच्या मते, न अडखळता वाचणाऱ्या आणि उद्या दुरुस्त होऊ शकणाऱ्या यंत्रणेसाठी. तिच्याकडून केवढे काम घेतले जाते पाहा. ती सर्पिल रेघ उलगडली तर पाच किलोमीटरांहून अधिक लांब भरेल. तिच्या शेजारशेजारच्या वळशांतील अंतर मिलिमीटरच्या सुमारे सहाशेव्या भागाइतके. वाचन सुरू होते मधल्या भोकाजवळून आणि संपते कडेपाशी. आरंभी तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, शेवटी सुमारे २००. एवढ्या घाईत भिंगाने जागचे न ढळता त्या रेघेवर नजर रोखून ठेवावयाची असते. दुरुस्तीवाले ज्याला सरसकट 'लेन्स' म्हणतात तो लेझर, भिंग आणि तारेची वेटोळी यांचा जोड हाच सीडी प्लेअरचा प्राण होय, आणि झिजतो तोही तोच.

म्हणून नव्या खरेदीआधी जुने यंत्र एकवार चांगल्या कारागिराकडून उघडून घ्यावे. खण बाहेर येत नसेल, तर आतला रबरी पट्टा ताठ झालेला असण्याचा संभव फार, आणि तो अत्यल्प किमतीत मिळतो. तबकडी फिरते पण ओळखली जात नाही, असे असेल तर कापसाच्या बोळ्याला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून भिंग हलक्या हाताने पुसावे. भिंग प्लॅस्टिकचे असते, तेव्हा जोर करू नये. ॲसिटोनसारखे द्रव तर मुळीच वापरू नयेत. एका युक्तीपासून मात्र सावध राहावे. काही कारागीर लेन्सवरील बारीक स्क्रू पिळून लेझरचा प्रवाह वाढवून देतात. यंत्र त्या दिवशी सुरेख वाजते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते, आणि थकलेला लेझर थोड्याच दिवसांत कायमचा विझतो. "लेन्स बदललीत की वाढवलीत?" एवढे विचारण्याचा संकोच धरू नये.

लेन्सच बदलावी लागली, तर ती मिळते की नाही यावर पुढचे सारे अवलंबून आहे. सोनीची 'केएसएस-२१३' मालिकेतील लेन्स नाना कंपन्यांच्या प्लेअरांत बसवलेली आढळते आणि तिची नवी प्रत, बहुधा चीनमध्ये झालेली, आजही सहज मिळते. सान्योच्या 'एसएफ-पी१०१एन'चेही तसेच. उलट फिलिप्सच्या आरंभीच्या प्लेअरांतील झुलत्या भुजेची यंत्रणा अतिशय टिकाऊ असली, तरी ती आता कोणी बनवीत नाही. जुना प्लेअर विकत घेताना कंपनीच्या नावापेक्षा आतल्या लेन्सचा क्रमांक विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो, पण शहाणा तोच.

जुन्या मालात आणखी एक धोका असतो, तो विजेच्या दाबाचा. आपल्याकडे घरची वीज २३० व्होल्टची. जपानची १०० आणि अमेरिकेची १२०. परदेशातील नातलगांनी प्रेमाने पाठवलेले किंवा भंगारातून आलेले यंत्र तसेच आपल्या भिंतीत खुपसले, तर ते गाण्यापूर्वीच धूर सोडते. मागच्या पट्टीवर व्होल्टचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचल्याविना पैसे मोजू नयेत. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, परंतु त्याची किंमत सौद्यात धरली पाहिजे.

नव्या मालाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर यामाहा, मरँट्झ, डेनॉन यांचे स्वतंत्र प्लेअर आजही निघतात आणि ते उत्तम आहेत. पण दहा हजारांत त्यांतील एकही बसत नाही. ज्यांच्याजवळ तेवढे पैसे आहेत त्यांनी खुशाल घ्यावेत. मानपूरच्या घराला आम्ही तसा सल्ला देणार नाही.

सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा घरातच कपाटावर धूळ खात पडलेला असतो. तो म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर. तो सीडी वाजवतो. त्याच्या मागील लाल-पांढऱ्या भोकांतून दोन तारा अँप्लिफायरला जोडल्या की काम भागते. शिवाय एकाच तबकडीवर शंभर-दीडशे गाणी भरलेल्या एमपी३ सीडीही बहुतेक डीव्हीडी प्लेअर वाजवतात, जे काम जुन्या सीडी प्लेअरांना साधत नाही. तरीही दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. कित्येक डीव्हीडी प्लेअरांवर गाण्याचा क्रमांक धड दिसत नाही, तो पाहण्यास टीव्ही लावावा लागतो. वृद्ध माणसाने एक गाणे ऐकण्यासाठी टीव्हीही चालू करावा, हे आम्हांस पटत नाही. दुसरी उणीव गाण्याच्या जाणकाराला बोचेल. मैफलीच्या सीडीवर विलंबित ख्याल आणि त्याला जोडून गायलेली द्रुत बंदिश पुष्कळदा निराळ्या क्रमांकांखाली असतात, पण गाणे मध्ये थांबलेले नसते. स्वस्त डीव्हीडी प्लेअर नेमका त्या सांध्यावर क्षणभर गप्प होतो. समेवर येतानाच कोणी दार आपटावे, तसे होते ते.

सारे संगीत मोबाइलवर मिळत असता हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. ज्याला केवळ गाणे हवे त्याने मोबाइल तारेने अँप्लिफायरला जोडावा. तो खरोखरच सोयीचा आणि स्वस्त उपाय आहे. परंतु मामंजींना मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून राग शोधणे जमत नाही, आणि खण उघडून तबकडी ठेवणे जमते. सासूबाईंचे गाणे तर कोणत्याच कंपनीच्या यादीत सापडावयाचे नाही.

आता परीक्षेविषयी. दुकानात जाताना स्वतःच्या तीन सीडी न्याव्या: एक सत्तर मिनिटांहून लांब, एक चरे पडलेली, आणि एक घरी लिहिलेली. (सासूबाईंची नव्हे; दुसरी एखादी.) तबकडी आत गेल्यापासून गाण्यांची संख्या दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजावे. चांगले यंत्र दहा सेकंदांच्या आत ओळख पटवते. जे चाचपडत राहते, खरखर करते, ते सोडून द्यावे. मग लांब सीडीचे शेवटचे गाणे लावावे. वाचन आतून बाहेर होत असल्यामुळे भिंगाला तेथे सर्वांत दूर जावे लागते आणि पुष्कळ यंत्रे तेथेच उसळ्या मारू लागतात. दुकानदार बहुधा पहिलेच गाणे ऐकवतो, आणि तेही मोठ्याने.

इंदूरच्या माणसांना या कामी एक उत्तम कसोटी घरचीच आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे अतिविलंबित गायन लावावे. दोन स्वरांमध्ये जी शांतता ते ठेवतात, तीत केवळ तंबोरा ऐकू यावा. यंत्राच्या मोटारीची घरघर किंवा विजेची गुणगुण ऐकू येऊ नये. त्यांचे मारवा आणि दरबारी लाँगप्लेच्या दोन बाजूंवर होते. एक संपला की उठून तबकडी उलटावी लागे. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे बसल्या जागी ऐकता येते. गुडघे दुखणाऱ्या श्रोत्याला या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

घरी आणल्यावर जोडणी नीट व्हावी. अँप्लिफायरच्या मागे 'सीडी', 'ऑक्स', 'ट्यूनर' किंवा 'टेप' यांपैकी कोणत्याही भोकांत तारा जोडल्या तरी चालते. 'फोनो' असे लिहिलेल्या भोकांत मात्र कदापि जोडू नयेत. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अतिशय क्षीण संदेशासाठी आहे आणि सीडी प्लेअरचा संदेश त्याच्या सुमारे चारशेपट असतो. आवाज फाटून निघेल. अँप्लिफायर जुन्या पद्धतीचा, पाच टाचण्यांच्या गोल खोबणीचा असेल, तर त्यासाठी जोडतार मिळते. प्लेअर अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये, तेथे त्याला ऊब लागते. मानपुराकडे विजेचा दाब खालीवर होत असेल, तर एक लहान स्टेबिलायझर लावावा.

राहता राहिली ती तबकडी. सीडीचा नाजूक भाग खालची चकचकीत बाजू नसून वरची, नाव लिहावयाची बाजू होय. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लॅस्टिकचे संरक्षण असते. वर धातूचा थर लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. म्हणून त्या बाजूवर बॉलपेनने काही लिहू नये. भाच्याने तीवर कागदी लेबल चिकटवले असेल आणि ते सुटू लागले असेल, तर ओढून काढू नये. त्याबरोबर चकचकीत थरही सोलून येतो. नक्कल हाती आल्यावर तीवरून मामंजींसाठी चांगल्या कोऱ्या सीडीवर सावकाश गतीने दुसरी प्रत लिहून घ्यावी, रोज वाजवावयास तीच खणात ठेवावी, आणि मूळ तबकडी डबीत घालून उन्हापासून दूर कपाटात उभी ठेवावी.