‘जीव घाबरा होतो’ म्हणजे काय?

अशी कल्पना करा, की खानापूर तालुक्यातील एक वृद्ध बाई बेळगावच्या एखाद्या मोठ्या इस्पितळात आली आहे आणि समोरच्या तरुण विद्यार्थ्याला सांगते आहे, “बाळा, सकाळपासून जीव घाबरा होतोय बघ.” विद्यार्थी मलेशियाहून आलेला आहे. त्याने चार मराठी शब्द शिकून घेतले आहेत. घाबरणे म्हणजे भिणे, अशी नोंद त्याच्या वहीत आहे. म्हणून तो आपल्या कागदावर स्वच्छ इंग्रजीत लिहितो, ‘रोग्यास भीती वाटते.’ वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण बाईने जे सांगितले, तेही त्यात नाही. तिला कदाचित गुदमरल्यासारखे होत असेल, छाती धडधडत असेल, घाम सुटला असेल. हृदयविकाराची ती पहिली सूचनाही असू शकेल. मग हा विद्यार्थी कमी पडला तो इंग्रजीत, की मराठीत?

हा प्रश्न बेळगावास दूरचा नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या के. एल. ई. संस्थेने १९६३ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. पुढे २०१० साली या संस्थेच्या सहकार्याने युनिव्हर्सिटी सायन्स मलेशिया या विद्यापीठाचा वैद्यकीय अभ्यासक्रम बेळगावात सुरू झाला. विद्यार्थी मलेशियाचे, पदवी त्यांच्या विद्यापीठाची, अध्यापन इंग्रजीत आणि रोगी मात्र आपल्या मुलखातले! चंदगडकडचा मराठी शेतकरी, गोकाककडचा कन्नड विणकर, शहरातील उर्दू बोलणारी गृहिणी, असे सगळे एकाच रांगेत बसलेले.

अशा विद्यार्थ्याला ग्रंथातले इंग्रजी उत्तम यावे, याबद्दल दुमत नाही. पण त्या इंग्रजीचाच एक नियम पाहा. रोग्याची हकीकत लिहिताना मुख्य तक्रार शक्यतो रोग्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे वैद्यकाचे विद्यार्थी आरंभीच शिकतात. म्हणजे ग्रंथातल्या इंग्रजीची पहिलीच ओळ रोग्याच्या बोलीवर उभी आहे. आणि ती बोली किती बारकाईची! पोटात कळ येते, मुरडा पडतो, गोळा उठतो. डोके ठणकते, पाय भगभगतात, छातीत चमक निघते, अंगात कणकण असते. या साऱ्यांसाठी ‘दुखते’ एवढा एकच शब्द लिहिला, तर रोगाच्या निदानाची अर्धी वाट तेथेच हरवते. कन्नड रोगी ‘नोवु’ म्हणाला, तर त्यालाही पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : कसले दुखणे, केव्हापासून, कशाने वाढते?

शब्दांच्या मागोमाग रीतीभाती येतात. आपल्याकडे निरोप घेताना माणूस ‘येतो’ म्हणतो. तो परत तपासणीला येईल, असे त्यावरून धरून चालू नये. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेण्यास संकोचते. ती काही लपवीत नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टरांनी “समजले का?” असे विचारले, की आपला माणूस आदराने मान हलवून “होय” म्हणतो. त्याला समजले असेलच, असे नाही. म्हणून “समजले का?” असे न विचारता “आता घरी गेल्यावर या गोळ्या कशा घ्याल, ते मला सांगा,” असे म्हणावे. एवढ्या एका वाक्याने पुष्कळ अनर्थ टळतात.

वर्गातही हीच गोष्ट लागू आहे. गुरूचे किंवा ग्रंथाचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखविणे हा आशियातील अनेक परंपरांत आदराचा भाग आहे. विद्यापीठीय इंग्रजी लेखनात मात्र दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता उतरविणे ही चोरी ठरते. यामागचे कारण न समजाविता नुसते गुण कापले, तर विद्यार्थी खजील होतो. शिकत काहीच नाही. त्याला सांगावे, की येथे ज्याचे त्याचे ऋण नावानिशी मान्य करणे हाच आदर. असे सांगितले, की नियम त्याला परका वाटत नाही.

संस्कृती शिकविणे म्हणजे दिवाळीला फेटा बांधून छायाचित्र काढणे नव्हे. आणि हे शिक्षण एकाच बाजूचेही नव्हे. मलाय लोक तर्जनीने दाखविणे असभ्य मानतात. ते उजव्या हाताचा अंगठा पुढे करून दाखवितात. आपल्याकडे अंगठा दाखविण्याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नकोच! मात्र त्यांच्या भाषेत ‘गुरु’ हा शब्द आहे, भाषेला ते ‘बहासा’ म्हणतात आणि डोक्याला ‘कपाला’, म्हणजे आपले कपाळच. संस्कृताचे हे जुने देणे चतुर शिक्षकाने पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावे. अर्धा परकेपणा तेथेच सरेल.

आपल्या देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९ पासून आरंभीच्या अभ्यासक्रमात स्थानिक भाषेलाही स्थान मिळाले आहे. पण थोड्या दिवसांत शब्द येतात, कान तयार होत नाही. तो लोकांत वावरूनच होतो. आणि येथे आपणा सीमाभागातील लोकांचे कर्तव्य येते. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत व्यवहार करणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. समोरच्याची भाषा अर्धीमुर्धी बोलावी लागणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. भाषेच्या प्रश्नावर आपली मते काहीही असोत, दुखणे सांगावयास आलेल्या माणसाला ते आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे, एवढ्यावर मतभेद नसावा.

म्हणून उद्या एखादा परदेशी विद्यार्थी अडखळत “आजी, कुठे दुखते?” असे विचारील, तेव्हा त्याच्या उच्चारांना हसू नका. सावकाश सांगा. जीव घाबरा होतो म्हणजे नेमके काय होते, ते छातीवर हात ठेवून दाखवा. एवढे झाले, म्हणजे तो जे इंग्रजीत लिहील, ते बरोबर असेल.