पुनरावर्ती चेता उद्दीपन

पुनरावर्ती चेता उद्दीपन ही चेता आणि स्नायू यांच्यामधील संदेशवहन तपासण्याची विद्युत चाचणी आहे. तीत एकाच चेतेला ठरावीक दराने सौम्य विद्युत झटके देतात आणि प्रत्येक झटक्यानंतर स्नायूच्या विद्युत प्रतिसादाची उंची मोजतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस आणि लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम या दोन्ही आजारांत स्नायू दुर्बल होतात. उद्दीपनाचा दर बदलून पाहिल्यास त्यांतील फरक कळू शकतो.

इतिहास
जर्मन वैद्य फ्रीडरिश योली यांनी १८९५ मध्ये मायस्थेनियाच्या रुग्णांत वारंवार उद्दीपनाने स्नायूचे आकुंचन क्षीण होत जाते, असे दाखवले. १९४१ मध्ये हार्वी आणि मॅसलँड यांनी स्नायूच्या विद्युत प्रतिसादाची नोंद घेऊन ही चाचणी मोजमापाच्या पायावर आणली.

कार्यतत्त्व
आवेग चेतेच्या टोकाशी पोहोचला की तेथे कॅल्शियमचे आयन शिरतात आणि ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडते. लागोपाठच्या आवेगांनी त्याचा तत्काळ उपलब्ध साठा घटतो व भरून येण्यास काही सेकंद लागतात. आत शिरलेले कॅल्शियम मात्र सुमारे ०.१ ते ०.२ सेकंदात दूर होते.

मंद दर
सेकंदाला २ ते ३ झटके दिल्यास दोन झटक्यांमध्ये कॅल्शियम निघून जाते. साठा मात्र घटत राहतो. निरोगी व्यक्तीत ॲसिटिलकोलीन गरजेपेक्षा बरेच जास्त सुटत असल्याने प्रतिसाद कायम राहतो. मायस्थेनियात प्रतिपिंडांमुळे स्नायूवरील ग्राही कमी झालेले असतात, म्हणून काही स्नायूतंतू प्रतिसाद देईनासे होतात. पहिल्याच्या तुलनेत चौथ्या किंवा पाचव्या प्रतिसादात १० टक्क्यांहून अधिक घट सामान्यतः विकृत मानली जाते.

जलद दर
सेकंदाला २० ते ५० झटके दिल्यास कॅल्शियम साचत जाते आणि ॲसिटिलकोलीनचे स्रवण वाढते. लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोममध्ये चेतेच्या टोकावरील कॅल्शियम मार्गांवरच प्रतिपिंडांचा हल्ला होतो. त्यामुळे पहिला प्रतिसाद अगदी लहान असतो. जलद उद्दीपनाने तो अनेकदा दुपटीहून मोठा होतो. मंद दराने या आजारातही घट दिसते, म्हणून केवळ मंद चाचणीवर विसंबल्यास निदान चुकू शकते. या आजाराचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध असू शकत असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. जलद उद्दीपन वेदनादायक असते. त्याऐवजी रुग्णाला सुमारे १० सेकंद स्नायू जोराने आवळण्यास सांगून लगेच एक झटका देतात.

मर्यादा
स्नायू थंड असल्यास घट झाकली जाते, म्हणून तपासणीपूर्वी हात-पाय उबदार ठेवतात. इलेक्ट्रोड हलल्यास खोटी घट दिसू शकते. आजार केवळ डोळ्यांच्या स्नायूंपुरता असल्यास चाचणी बऱ्याचदा सामान्य येते. त्यामुळे सामान्य निष्कर्षाने मायस्थेनियाची शक्यता संपत नाही.