दारूची सूज की ग्रंथीचा रोग?

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु आजारी कामगारांच्या रजेचे कागद हाताळता हाताळता काही रोगांची ओळख करून घेणे आम्हांस भाग पडले. त्यांतील एकाविषयी आज बोलावयाचे आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या हुकमावरून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. सकाळी पुष्कळ, मध्यरात्री अगदी थोडा. पीयूषिकेत विशिष्ट प्रकारची गाठ झाली की हुकूम थांबत नाहीत. रात्रपाळीतही काम तसेच चालू राहते. मग तोंड वाटोळे होते, पोट सुटते, रक्तदाब व साखर चढते. कातडी पातळ होऊन लवकर काळीनिळी पडते, पोटावर रुंद जांभळे पट्टे उठतात, मांड्यांतील बळ जाते. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली या गाठीचा संबंध दाखविला. म्हणून हा कुशिंगचा रोग.

आता गंमत अशी की, नित्य भरपूर दारू पिणाऱ्या काहींच्या शरीरातही कॉर्टिसॉल वाढते आणि हेच रूप दिसू लागते. गाठ मात्र नसते. १९७०च्या दशकात डॉक्टरांनी हे सोंग ओळखले.

मग निवाडा कसा करावा? दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडची औषधे चालू आहेत काय, हे डॉक्टर प्रथम विचारतात. कारण त्यांनीही असेच होते. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त तपासतात. निरोगी ग्रंथी गोळीने गप्प बसते, गाठीची बसत नाही. परंतु पिणाऱ्याचीही कित्येकदा बसत नाही! एमआरआयचेही तसेच. सुमारे दहांतील एका निरोगी माणसाच्या पीयूषिकेत निरुपद्रवी बारीक ठिपका सापडतो, तर खऱ्या रोगातील गाठ कधीकधी दिसतही नाही.

म्हणून खरी कसोटी म्हणजे दारू पूर्ण बंद करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे. जे ओसरते ते दारूचे. जे टिकते त्याचा शोध पुढे चालवावा. मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी स्वतःच्या मनाने सोडू नये. आकडी येते, भ्रम होतो, प्राणही जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

चूक दोन्हीकडे महाग पडते. गाठ असलेल्यास ‘दारुडा’ म्हणून हाकलले तर त्याचा रोग वाढत जातो. दारूने फुगलेल्यास गाठीचा रोगी ठरविले तर नाकावाटे नको ती शस्त्रक्रिया त्याच्या वाट्यास येते. शिवाय पिणाऱ्यालाही गाठ होऊ शकते, हे विसरू नये.

तेव्हा आपण किती पितो हे डॉक्टरांना खरे सांगावे. ते खरे सांगितल्याने कोणाची नोकरी जाणार नाही, हे पाहणे संघटनेचे काम आहे. नोकरीच्या भीतीने रोगी खोटे बोलला, तर कोणतीच तपासणी खरे बोलणार नाही.